बावीस मीटर, घडी न घालता

माल्कम बेटाची फेरी साडेपाचला सुटते.
रेयनो तान्स्कानेन दुकानात येतो पावणेपाचला,
म्हणजे घाई मला असते,
त्याला नसते.

'काचेचं कापड दाखव, ग्लेनिस.'

मी दोन्ही ठाणं काउंटरवर सोडते.
एक चार औंसी, एक सहा औंसी.
तो चष्मा कपाळावर ढकलतो आणि बोटांनीच बघतो
पन्हा, वीण, काठाचा धागा सुटतोय का ते.
पोत असा चाचपतो की जणू अंगाला लागणार आहे.
अंगालाच लागणार आहे म्हणा,
सतरा फुटी, तांबड्या सीडरच्या,
दोन हिवाळे गॅरेजमध्ये पट्टीला पट्टी चिकटवून
त्याने जन्माला घातलेल्या अंगाला.

मी माझं पाठ केलेलं बोलते.
जाड घेतलंस तर खडकाची भीती नाही,
कालवांच्या धारेवरून ओढलीस तरी चरा वरच्या वर राहील.
पातळ घेतलंस तर वळणावर छान बसेल,
इपॉक्सी कमी पिईल,
पण जपावं लागेल.
आणि दिसण्याचं म्हणशील तर दोन्ही सारखीच,
भिजली की दोन्ही नाहीशी होतात,
उरतं फक्त लाकूड.

'फरक किती पडतो? सगळं धरून?'
'तीन किलो. हात सढळ असला तर चार.'

तो काहीच बोलत नाही.
मागच्या रांगेत जातो, जिथे मिठाची पोती आहेत,
वीस किलोचं एक वाकून उचलतो,
उजव्या खांद्यावर घेतो,
आणि चालू लागतो.
रंगाच्या डब्यांपासून दारापर्यंत,
दारापासून नांगरांच्या साखळ्यांपर्यंत.
ट्रॉलरवरचा डारेल एकाएकी
हातातल्या बोल्टवरचे आकडे वाचायला लागतो.
गल्ल्यावरची पोरगी पावत्या मोजते,
आधीच मोजलेल्या.
साखळ्यांपाशी रेयनो थांबतो.
पोतं उतरवत नाही, उतरतं ते.

मग सोळाचं.
हे दोन फेऱ्या जातं.
दुसऱ्या फेरीत तो शीळसुद्धा घालतो,
जरा जास्तच मोठ्याने.

'घरापासून पाण्यापर्यंत एकशेदहा पावलं,' तो म्हणतो,
'त्यातली चाळीस गोट्यांवरून.
पूर्वी दुसरं टोक हेल्वी धरायची.'
एवढंच.
मीही पुढे विचारत नाही,
मार्चमध्ये तिच्यासाठी मीच पाव भाजून पाठवले होते.

'चार औंसी दे. खालूनही, वरूनही.'
'तळाला तरी सहा घे, रेयनो. सगळे तेच करतात.'
'सगळ्यांना खडक दिसत नाहीत.
मी पन्नास वर्षं ह्या पाण्यात आहे,
खडक कुठे आहेत ते मला ठाऊक आहे.
खांदा कुठे आहे ते आत्ता कळलं.'

मी मोजते. पाच, दहा, पंधरा,
एकविसाव्या मीटरला आकडा चुकवते,
मुद्दाम, अर्धा मीटर त्याच्या बाजूने.
त्याच्या लक्षात येतं. तो छताकडे बघतो.

ह्या कापडाची घडी घालायची नसते.
एकदा मोडलं की ती रेघ जात नाही,
कितीही इपॉक्सी ओता,
लाकडावर पांढरी उमटून बसते.
म्हणून मी पुठ्ठ्याच्या नळीवर गुंडाळते,
चुणी पडू न देता, तळहाताने सारखं करत,
आणि सांगते, पंधरा अंशांच्या खाली ओतू नकोस,
जूनची वाट बघ.
'बघतो की,' तो म्हणतो. 'दुसरं काय करतोय.'

नळी खांद्यावर घेऊन दारातून तिरका निघतो,
पुढचं टोक सांभाळत, मागचं वळवत,
अजून न झालेल्या नावेची लांबी मनात धरून.
फेरीचा भोंगा एकदा वाजतो.
तो पावलं वाढवत नाही.

सहाला मी दिवे मालवते.
मिठाची पोती रांगेत लावायची राहिलीत,
सोळाचं सहज जातं.
वीसच्यापाशी मी उभी राहते,
बाहेर कोणी नाही ना, बघते,
आणि गुडघे वाकवते.