त्रेचाळिसावी ओळ

हर्णैच्या वाळूवर मी लिलाव पुकारतो.
एकवीस वर्षं. घसा माझा, मासे दुसऱ्याचे.
सुरमईचा ढीग, हलव्याची टोपली, कोळंबीचा टब,
चारच्या उन्हात सगळ्यालाच एक आकडा असतो
आणि तो आधी माझ्या तोंडातून बाहेर पडतो.

रविवारी मात्र मी खाली.
बर्फाच्या कारखान्यामागे, लोखंडी जिन्याने वर,
लुथरन मंडळीची खोली. एका पत्र्याखाली सतरा घरं.
प्रमिला वर जायची, मी मोटरसायकलवर
तिचं हेल्मेट मांडीवर घेऊन बसायचो.
जिन्यावरून पेटीचे सूर यायचे,
दाराखालून बर्फाचं पाणी यायचं,
मी पाय तेवढे उचलून घ्यायचो.

नऊ वर्षं असा बसलो.
मग एकदा हेल्मेट आरशाला अडकवलं आणि चढलो वर.
का, ते विचारू नका. पाळकांनीही विचारलं नाही.

पाळक मरावी छिंदवाड्याचे.
समुद्र पहिल्यांदा पाहिला छत्तिसाव्या वर्षी.
ओहोटी लागली की अजून म्हणतात, "आज तलाव उतरला."
त्यांच्यासमोर आठ गुरुवार प्रश्नोत्तरं शिकलो,
जाळ्याच्या गाठींसारखी, एक चुकली की पुढची चुकते.
सहाव्या गुरुवारी कृपा आली.
"फुकट?" मी विचारलं.
"फुकट."
"मग बोली कोण लावतो?"
"लावून झाली. तुम्ही वाळूवर यायच्या आधीच."
मी गप्प.
न पुकारता गेलेला माल
पुकारणाऱ्याच्या पचनी पडत नाही.
रात्रभर कूस बदलत राहिलो,
माप कुठे मारलं असेल?

नोंदवही शलमोन खांब्यांकडे.
"आधीच्या मंडळीचं पत्र?"
नाही. बाप्तिस्मा लहानपणी, मिरजेला.
कागद आईच्या पेटीत होता, पेटी वाळवीने खाल्ली.
"पत्राशिवाय नाव कसं चढवू?"
तेव्हा मागच्या चटईवरून रिबेकामावशी उठली,
ब्याऐंशी वर्षांची, गुडघ्यावर हात रोवून.
आईबरोबर मिरजेच्या इस्पितळात आया होती ती.
म्हणाली, "डोक्यावर पाणी पडलं तेव्हा हा असा बोंबलला
की बाहेर टांग्याचं घोडं बिथरलं.
मी होते तिथे. मलाच पत्र समजा."
खांब्यांनी चष्मा पुसला. त्या रकान्यात लिहिलं:
रिबेकामावशी, तोंडी.

त्या रविवारी सगळ्यांसमोर उभा राहिलो.
हात तीनदा लिंबाने धुतले होते,
तरी बांगडा होताच.
पाळकांनी विचारलं ते लांबलचक होतं,
उत्तर एका शब्दाचं.
आणि वारा कापून जेटीपलीकडे जाणारा हा आवाज
त्या एका 'होय'पाशी रुतला,
ओल्या वाळूत बैलगाडी रुतते तसा.
प्रमिलाकडे पाहिलं.
आज हेल्मेट तिच्या मांडीवर होतं.
दोन्ही हातांनी धरलेलं.

"होय," मी म्हणालो. मागच्यांना ऐकू गेलं नसेल.

मग तळहातावर भाकरीचा तुकडा.
माझा हात तराजू आहे, बंदरात कुणालाही विचारा,
टोपली उचलली की किलो सांगतो.
याचं वजन सांगता येईना.

नोंदवहीत त्रेचाळिसावी ओळ:
आशेर दामोदर भोरे, धंदा लिलाव.
शाई ओली असतानाच खांब्यांनी बारा पाकिटं हातात दिली,
महिन्याला एक, वर्गणीचं.
"फुकट म्हणाला होतात की!"
"ते वरचं," खांबे म्हणाले, "हे पत्र्याचं.
मिरगाआधी बदलायचाय."

सोमवारी चार वाजता पुन्हा वाळूवर.
म्हाकुलाचा ढीग, गिऱ्हाईक अडून बसलेलं.
एकवार. दोनवार.
तिसऱ्याआधी जरासा थांबलो,
उगाच.
"भोरे, पुकार की!" कुणीतरी ओरडलं.

पुकारला. सातशेला गेला.