इतिवृत्ताची वही

मी तेव्हा चौदाचा. किटली माझ्याकडे,
आणि वहीही, कारण अक्षर बरं होतं.
वेल्सच्या उत्तरेला, पाटीच्या दगडाच्या खाणीत
दुपारचा भोंगा झाला की तीस-बत्तीस माणसं
ठेंगण्या दगडी खोपटात दाटीवाटीने बसत,
ओल्या कोटांमधून वाफ निघे,
आणि अध्यक्ष बाकावर छिन्नी आपटून म्हणत :
आजचा विषय.

कधी मजुरी, कधी सलगमवरची कीड.
मंगळवारी मात्र हटकून देव.

इडवल प्रिचर्ड मानत नसे.
टेगिड रोलंड्स चॅपेलचा डीकन.
दोघांचा कडा एक, करार एक,
एक साखळीला लटकून खाली सुरुंग भरणार,
दुसरा वर साखळी धरून उभा.

इडवल म्हणे, ह्या दगडाचा बोटभर थर घे,
तुझ्या सहा दिवसांत तोही मावत नाही.
टेगिड चहात पाव बुडवत म्हणे,
सहा दिवस कुणाच्या घड्याळाचे? तुझ्या?
ते तर नाताळपासून बांगोरला गहाण पडलंय.
मी वहीत लिहिलं : हशा.

साखळीचं मी धरतो तेव्हा
पुरावा मागतोस का रे, टेगिडने विचारलं.
तुझे हात पाहिलेत, इडवल म्हणाला,
एकोणीस वर्षं. तोच पुरावा.
मग मीही कुणाचे तरी हात पाहिलेत असं समज.
समजणार नाही. दाखव.

एकदा इडवलने मोजून नावं घेतली,
घटसर्पाने गेलेली आमच्या गल्लीतली सात पोरं.
ही कुठल्या हिशोबात, टेगिड?
किटलीचं झाकण तेवढं वाजत होतं.
मला माहीत नाही, टेगिड म्हणाला.
मी लेखणी थांबवली.
अध्यक्ष म्हणाले, लिही. उत्तर आहे ते.

आठवं पोर टेगिडचं. एमलिन, अकरा वर्षांचा.

आमच्याकडे थडग्याची अक्षरं कोरावीत ती इडवलनेच.
त्याने नाव कोरलं, दोन्ही तारखा कोरल्या,
खाली वचनाची जागा आखली,
आणि छिन्नी हातात घेऊन संध्याकाळपर्यंत बसून राहिला.
माझ्या हातून हे खोटं उमटेल, म्हणाला,
दुसऱ्या कुणाकडून कोरून घे.
टेगिडने दगडावरची पूड बाहीने पुसली.
नको. राहू दे तशीच.

त्यानंतरचे दोन मंगळवार सलगम.
तिसऱ्या मंगळवारी टेगिड स्वतःच उठला.
विषय, देव. बाजू मी मांडतो.
आणि मांडली. आवाज दोनदा फाटला,
पण मुद्दा सुटला नाही.
मग इडवल उभा राहिला. अडखळला.
हे खरं म्हणा, तेही खरं म्हणा, असलं काहीतरी पुटपुटला,
ज्याच्या तोंडाला आख्ख्या खाणीत कुणी लागत नसे तो इडवल.

टेगिडने मग खाली आपटला.
नीट बोल! दया नको मला, मुद्दा दे!

इडवलने टोपी काढली. गुडघ्यावर ठेवली, पुन्हा घातली.
आणि बोलला.
सातांबद्दल बोलला, आठव्याबद्दल बोलला,
जे कुणी त्या बापासमोर बोललं नसतं ते सगळं,
आणि टेगिड मान पुढे काढून ऐकत राहिला,
कड्यावर भेग कुठे जाते ते ऐकावं तसा.
शेवटी बोट वर करून म्हणाला, आता माझं ऐक,

इतक्यात भोंगा झाला.
वहीत माझ्या अक्षरात आहे : वाद अपुरा.
दोघं टोप्या सारख्या करत बाहेर पडले,
पाऊस होता, कडा निसरडा,
त्या दिवशी खाली इडवल, वर टेगिड.

आता खाण बंद. वही माझ्याकडेच,
चहाचे डाग धरून दोनशे चौदा पानं.
ते दोघेही चॅपेलमागेच आहेत,
इडवल भिंतीलगत, त्याच्याच अटीवर, प्रार्थनेविना.
एमलिनच्या दगडावरची जागा अजून मोकळी.
टेगिड नंतर बावीस वर्षं जगला,
बांगोरचा कुठलाही कारागीर अर्ध्या दिवसात
ते वचन कोरून देता.
का नाही घेतलं, मी कधी विचारलं नाही.
वादात विचारायला हवं होतं, सूचना देऊन.

परवा गेलो तर कुणा शाळकरी पोराने
त्या जागेवर खड्याने बेरीज केलेली,
हातचा विसरून.
मी रुमाल काढला होता. परत ठेवला.