चोवीस इंच

केल्विन रामसरूप हत्यारं आवरून गेला
तेव्हा पाच वाजले होते आणि स्केनेक्टडीत अंधार.
तळघरात नवा बॉयलर, निळा,
मुलाकडच्या पाहुण्यासारखा, कोणाशी न बोलता उभा.

रात्री दोनला कोणीतरी भिंतीत घण घालायला लागलं.
एक. मग तीन.
मग थांबून, विचार करून, आणखी एक.
वरच्या मजल्यावरच्या भाडेकरू बाईंनी
काठीनं जमीन ठोकून उत्तर दिलं.
त्यांना वाटलं, मीच.

स्वेटरवर शाल, दोन-दोन मोजे,
हातात विजेरी, टेप, पाणसळ,
आणि बॉयलरबरोबर आलेलं पुस्तक, पान अकरा.

तीस वर्षं मी टर्बाइनच्या कारखान्यात ड्रॉइंगं काढली.
हजार पौंड दाबाची वाफ, कागदावर,
पेन्सिलीच्या टोकानं वळवली हवी तिकडे.
ही घरातली वाफ दीड पौंडाची.
डाळीच्या कुकरपुढेही हिची मिजास चालायची नाही,
पण उतार चुकला तर ऐकत नाही.

पाईप एकच. त्यातूनच वाफ वर जाते,
त्यातूनच पाणी होऊन परत येते.
दोघांनी एकमेकांना वाट द्यायची, एवढाच करार,
आणि तो पाळायला दहा फुटांना एक इंच उतार.

पाणसळ ठेवली.
बुडबुडा भलत्याच बाजूला जाऊन बसला.
जेवणघराखाली पाईप पोटात खचला होता,
एक हँगर कमी.
तिथं पाणी साचतं, मागून वाफ येते,
उचलते आणि आपटते.

मग हेडर.
पाण्याच्या रेषेपासून वर मोजलं.
पुस्तक म्हणतं चोवीस, टेप म्हणते एकोणीस.
खाली बसले, चष्मा पुसला, परत मोजलं.
एकोणीस.

काचेच्या नळीत पाणी नाचत होतं, वर तेलाचा तवंग.
नव्या लोखंडाचा, तापल्या तेलाचा वास,
आणि त्या वासाबरोबर आबा आले, न बोलावता.
साखर कारखाना, गळीत हंगाम, रात्रपाळी.
बॉयलर अटेंडंट, दुसरा वर्ग.
लोखंडी कांबेचं एक टोक पाईपला, दुसरं कानाला.
‘प्रेशर काट्यावर बघायचं गं, पाणी कानानं.’
पुढे त्यांचा डावा कान गेलाच.
ते कुठल्या काट्यानं दाखवलं नाही.

माझ्याकडे कांब नव्हती. वर जाऊन लाटणं आणलं.
पोटात पाणी होतं. ऐकू आलं, खरंच.

सकाळी रामसरूप आला, बर्फ झटकून,
बूट दाराशी काढून. इथले प्लंबर काढत नाहीत.
‘मॅम, सगळे असंच बसवतात.’
मी पान अकरा पुढे केलं.
त्यानं पान पाहिलंच नाही, लाटणं पाहिलं.
म्हणाला, गयानात माझ्या आजीकडे होतं असं.
आजी. हाच शब्द. मी काही बोलले नाही.
आणि आजा डेमेराराच्या साखर मिलमध्ये, बॉयलरवर.
‘कुठला वर्ग?’ मी विचारलं.
त्याला प्रश्न कळला नाही, आणि मलाही
समजावून सांगता येईना.

दिवसभर पाईप कापला, आटे पाडले, जोडला.
काळं लोखंडच, तांबं नको, हे मी दोनदा सांगितलं,
तिसऱ्यांदा त्यानंच म्हणून दाखवलं.
हार्टफर्ड लूप त्यानं पहिल्यापासून अचूक केला होता.
फुटक्या पाईपनं बॉयलर रिता होऊ नये म्हणून असतो तो.
त्याची शाबासकी द्यायची राहिली.
जास्तीच्या पाईपच्या पैशांवरून मात्र वाद घातला,
निम्मे दिले.

संध्याकाळी टेप म्हणाली, पंचवीस.

रात्री दोनला जाग आली.
काही नाही.
रेडिएटरच्या व्हॉल्व्हनं बारीक श्वास सोडला
आणि तोंड मिटलं.
तरी उठले. जिना उतरले.
लाटणं पाईपला लावलं,
डाव्या कानाशी.
मग आठवून, उजव्या.