गुणिले

नऊच्या आत लोंबी गाठावी लागते.
दहाला भात फुलतं, अकराला मिटतं,
तेवढ्यात त्याचं लग्न उरकायचं.

मी मथुरा गोताड, रोजंदारीवर,
भात संशोधन केंद्र, आडेखार.
कात्री माझी नखाएवढी.
आदल्या संध्याकाळी फुलाचा शेंडा छाटायचा,
आतले सहाच्या सहा परागकोश
चिमट्यानं उचलायचे.
एक राहिला की सगळं वाया.
वर कागदाची टोपी, दोरा, चिठ्ठी:
आईचं नाव, गुणिले, बापाचं नाव.
एकवीस वर्षांत किती लावली, मोजली नाहीत.
घरच्या दोघींची तेवढी जमायचीत.

कुंपणाच्या आत कुणी विचारलं, कुठली जात,
तर भाताची सांगायची.
संध्याकाळी एसटीत शेजारची बाई तेच विचारते,
आणि मी खिडकीतून खाडी बघते.

परवा तहसीन परकार मॅडमनी
काचेपलीकडची खोली दाखवली.
जांभळा उजेड. रात्र अशी होतच नाही जवळजवळ.
रोपं घाईनं पोटरीला आलेली,
वर्षाला चार पिढ्या.
"मथुराताई, कात्री आता पेशीत शिरली.
कोट्यवधी अक्षरांची पोथी आहे,
त्यातलं एक खोडायचं, एक सुधारायचं,
बाकी ओळीला धक्का नाही."
म्हणजे वऱ्हाड नको, मुहूर्त नको.
मी विचारलं, हात किती लागतात?
त्या बोलता बोलता थांबल्या.
मग म्हणाल्या, "चिखलात लावायला लागतीलच ना."

पोथीचं म्हणाल तर
तिचं एक पान मीच आणलंय.
त्या साली खेकड्यांनी पोखरलेला बांध
भाद्रपदाच्या उधाणाला उघाडीपाशी फुटला.
चार रात्री खारं पाणी खाजणात उभं.
पाचव्या दिवशी सगळी शेतं जळकी,
आणि मधोमध धाकू पाष्ट्यांचा काळा राता,
दाढीवाल्या म्हाताऱ्यासारखा,
कंबरभर चिखलात, हिरवा.
धाकूनं दोन मुठी पदरात घातल्या:
"ने. तुमच्या साहेबांना दाखव. मीठ खाऊन जगतो हा."

नोंदवहीत ती मूठ अशी आहे:
स्थानिक संकलन, क्रमांक एकशे सतरा.
धाकूचं नाव नाही.
साहेबांनी वगळलं म्हणू नका,
अक्षर माझं आहे.

आता एकशे सतराकडून शिकलेलं अक्षर
ठेंगण्या, भरघोस भातात बसवलंय.
चाचणीच्या वाफ्यात मोजून खारं पाणी सोडलं,
भात डुललं. मॅडम हसल्या,
मीसुद्धा, खोटं कशाला बोलू.
दुसऱ्या आठवड्यात मुनिया उतरल्या.
काळ्या रात्याला लांब कूस असते,
पाखराच्या घशात टोचणारी.
याला ती नाही.
"ते अक्षर निराळं," मॅडम म्हणाल्या,
"तेही परत घालता येईल."
येईलही. मी जाळं बांधत होते.
मनात आलं, आणखी काय काय
कुसेच्या आधारानं राहत असेल,
ते कुठल्या पानावर लिहिलंय?

काल धाकू पाष्टे केंद्रावर आले.
गुडघे गेलेत, काठी आहे.
वाफ्याशी वाकले, दाणा चोळला, वास घेतला.
पोरं शेती सोडून ट्रॉलरवर गेली,
बांध दर साली थोडा थोडा खचतो,
पाणी वर वर येतंय, म्हणाले,
जो उभा राहील तो आपला.
मग सहज विचारावं तसं:
"पेज कशी होते गं याची?"

मला सांगता येईना.
हा दाणा शिजवायचा नाही असा नियम,
लोंब्या मोजतात, वजन करतात,
पिशवीला सील लागतं, उरलेलं जाळतात.
मी पेरलंय, राखलंय, धुराचा वास घेतलाय.
चव माहीत नाही.

ते गेल्यावर कपाटातली जुनी वही काढली.
एकशे सतराच्या पुढे शेऱ्याचा रकाना कोराच होता.
लिहिलं: धाकू पाष्टे, खालची वाडी, दोन मुठी.
शाई नवी, कागद पिवळा.
उद्या कुणी विचारलं तर विचारू दे.
नऊच्या आत मला लोंबी गाठायचीय.