मठारकाम

निजामपूरकरांनी जन्मभर बंब केले.
आता घरोघर गिझर,
म्हणून माझं चिलखत घ्यायला तयार झाले,
तेही कुरकुरत:
"तांबं ऐकतं. पत्रा उलट बोलतो."

मी कागद वाचून दाखवला.
छातीला सोळा गेज, दंडाला अठरा,
वजन अकरा किलोच्या आत,
मान वळली पाहिजे, श्वास भरला पाहिजे.
त्यांनी कागद चष्म्याखाली दाबून ठेवला,
सुतळीनं माप घेतलं, गाठ मारली
आणि विचारलं, "मार कुठून येतो?"

डावीकडून, म्हटलं. दर रविवारी, वडगावच्या मैदानात.
तलवारी बोथट असतात, पंच असतो,
नंतर सगळे मिळून मिसळ खातो.
"म्हणजे भांडायचं भांडं," म्हणाले,
हसले नाहीत.
स्वतःच्याच डाव्या खांद्यावर खडूनं रेघ ओढली:
"इथं दुहेरी."

तीन आठवडे तांबट आळीत
खरवईवर पालथी माझी छाती,
ठोक्याला ठोका लागून
माशाच्या खवल्यांसारखा मठार.
तलवार घसरेल ना यावरून?
"पाणी घसरायचं. बघू."

काल पहिला पोचा पडला,
लिंबाएवढा, बरगडीपाशी.
स्कूटरवरून मिरवत घेऊन गेले,
म्हटलं, राहू द्या हा, आठवण.

त्यांनी पत्रा दाराच्या उजेडात धरला.
"दुखतंय का?"
थोडं.
"पोचा ठेवला की पुढचा मार तिथंच बसतो,"
म्हणाले,
आणि लाकडी हातोडा शोधत
बंबांच्या झाकणांमागे वाकले.