पेल्यांवरची नावं

आमच्याकडे जेवताना पेले ठरलेले,
आणि कुणाच्याच पेल्यावर स्वतःचं नाव नाही.
अण्णांच्यावर 'कै. भिकूबाई यांच्या स्मरणार्थ, १९८४',
आईच्यावर कुण्या पिंगळ्यांच्या घरचं बारसं,
सुजितच्यावर पतपेढीचा दहावा वर्धापनदिन.
माझ्यावर नुसतंच 'सप्रेम'. पुढचं राखेनं गेलं.

सातपूरला नळ सहाला येतो, पाऊण तास.
पानं घ्यायच्या आधी पाणी, मग मीठ.
ताक शेवटी, अण्णांना घट्ट,
आम्हाला तांब्याभर पाण्यानं वाढवलेलं.
पाहुणा आला की अजून वाढायचं.
आई म्हणते, ताक कधी संपत नाही,
पांढरं दिसायचं थांबतं इतकंच.

अण्णा सव्वीस वर्षं दिंडोरीकडच्या वायनरीत,
बुचं बसवायच्या मशीनवर.
बाहीला आंबूस वास घेऊन घरी यायचे.
आई तो शर्ट वेगळा भिजवायची.
बोलायची नाही.

रिटायर झाले तेव्हा शाल, नारळ
आणि एक बाटली मिळाली.
ती अकरा महिने बाजरीच्या डब्यामागे उभी.

मग एका बुधवारी, पिठलं-भाकरी होती,
ठेचा जरा जास्तच लागला होता,
अण्णा उठले, डबा सरकवला
आणि कुणाला न विचारता
चारही पेल्यांत बोटबोटभर ओतली.
स्टीलमध्ये रंग कळत नाही.
सुजितनं मोबाईल काढला.
अण्णांनी नुसतं पाहिलं. त्यानं ठेवला.

आईनं पेला नाकाशी नेला, खाली ठेवला, परत नेला.
"हा तर शर्टाचा वास," म्हणाली.
एक घोट तोंडात धरून बसली,
डाळ शिजली का बघताना बसते तशी.
"मीठ नाही हो यात."
आणि खरंच चिमूटभर घातलं, वर जिरेपूड,
बोटानं ढवळून पिऊन टाकलं.

अण्णा इतके हसले की ठसका लागला,
पाणी द्या, पाणी,
आणि पाण्याला एकही पेला रिकामा नाही.
शेवटी ओगराळ्यानंच प्यायले, माठाशी उभे राहून.

बाटली आता फ्रिजच्या दारात असते, पाण्याची.
चिंचेनं घासली तरी
लेबलाचा एक कोपरा निघत नाही.
परवा माझ्यासाठी स्थळ घेऊन आलेले गृहस्थ
त्या कोपऱ्याकडेच बघत राहिले.
आईनं त्यांना तिच्यातलंच पाणी दिलं,
भिकूबाईंच्या पेल्यात,
काठोकाठ.