एकेचाळीस विरुद्ध इनास

तिस्कावर, फार्मसीच्या माडीवर, मागण्यांची यादी.
सावली हवी: एकेचाळीस जण.
सोनेरी, पण ‘खरा सोनेरी’: सव्वीस.
आणि एकटा असोळण्याचा इनास,
होड्यांची नावं रंगवतो:
“फळी वाकते, बाये, अक्षर वाकत नाही.”

सावलीपुढे मी एक लिहिला. खोडला.
तन्वेश म्हणतो, बहुमत बघ.
बघतेय.
एक बटण वाढलं की रांग सरकते,
आणि पत्रिका करणाऱ्या कुंदाताईंचं
सवयीचं बोट
नेमकं ‘पुसा’वर पडतं.

सोपं आहे म्हणूनच तर घेतलं होतं त्यांनी.

रात्री जमलं, बटणाशिवाय:
अक्षराचं टोक ओढलं की ओळ वाकते.
इनासला कळवलं.
त्याने होडीचा फोटो धाडला.
नाव अजून नाही,
नुसती खडूची कमान.

सावलीवाल्यांना काय सांगायचं,
ते उद्या.